प्रेडर-विली सिंड्रोम

प्रेडर-विली सिंड्रोम हा पंधराव्या गुणसूत्रावरील, वडिलांकडून आलेल्या काही जनुकांचे कार्य बंद पडल्याने होणारा जन्मजात विकार असून, त्यात तान्हेपणी दूध ओढण्याचेही बळ नसलेल्या बाळाला पुढे कशानेही न भागणारी भूक लागते. सुमारे १५,००० ते २५,००० जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण मानले जाते. झुरिक येथील आंद्रेआ प्रेडर, आलेक्सिस लाबहार्ट आणि हाइनरिख विली या डॉक्टरांनी १९५६ साली त्याचे वर्णन केले, आणि त्यांतील दोघांच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला.

या विकाराचे कारण उलगडायला पुढची तीन दशके लागली. १९८१ मध्ये डेव्हिड लेडबेटर व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या पंधराव्या गुणसूत्राचा एक लहान तुकडा गळालेला असतो हे दाखवले. मात्र काही रुग्णांत गुणसूत्र अखंड असूनही विकार दिसत होता. त्याचा उलगडा १९८९ मध्ये रॉबर्ट निकोल्स यांच्या गटाने केला. या रुग्णांना पंधराव्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती आईकडूनच आल्या होत्या आणि वडिलांची प्रत मुळीच नव्हती. गुणसूत्राच्या या भागात आईकडून आलेल्या प्रतीवर रासायनिक ठसा असतो व त्यामुळे तिच्यातील काही जनुके निद्रिस्त राहतात. साहजिकच वडिलांची प्रत नसेल तर त्या जनुकांचे काम करायला कोणीच उरत नाही. याच भागातील आईची प्रत गळाल्यास अँजेलमन सिंड्रोम हा अगदी वेगळा विकार होतो. जनुक कोणाकडून आले याला महत्त्व असते, हे मानवी आनुवंशिकीत प्रथम ठळकपणे सिद्ध झाले ते या दोन विकारांमुळे. बहुतेक रुग्णांत हा बदल आपोआप, नव्यानेच घडलेला असतो. आईच्या गरोदरपणातील खाण्यापिण्याशी किंवा नात्यातील लग्नाशी त्याचा संबंध नसतो, आणि दुसऱ्या अपत्यात तो पुन्हा दिसण्याची शक्यता सहसा एक टक्क्याहून कमी असते. असा ठसा नियंत्रित करणाऱ्या ठसा-केंद्रातील क्वचित आढळणाऱ्या दोषात मात्र ती पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून नेमका प्रकार ठरवून आनुवंशिक समुपदेशन घेणे आवश्यक ठरते.

विकाराचे रूप वयानुसार पालटते. पहिल्या वर्षात बाळ शिथिल असते, रडणे क्षीण असते, वजन वाढत नाही. दुसऱ्या वर्षानंतर आहार न वाढताही वजन चढू लागते, आणि साधारण आठव्या वर्षाच्या आसपास खरी खा-खा सुरू होते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हे भूक व तृप्ती यांचे नियंत्रण करणारे केंद्र पोट भरल्याची खूण ओळखत नाही. भूक चेतवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाची पातळीही वाढलेली असते. त्यातच स्नायू कमी असल्याने अशा मुलाला इतरांपेक्षा बरेच कमी अन्न पुरते. अन्न चोरणे, तेच तेच प्रश्न विचारणे, ठरलेला क्रम मोडताच आकांत करणे, त्वचा खरवडत राहणे ही वर्तनलक्षणे त्याच मेंदूदोषातून येतात. अशा मुलाला हावरा वा लाडावलेला ठरवणे हा त्याच्यावर धडधडीत अन्याय आहे.

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत या विकाराचा विचार करताना दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. पहिली म्हणजे, येथील सह्याद्रीलगतच्या वाड्यांत आलेल्या मुलाच्या हातावर काही ठेवल्याशिवाय कोणी पाठवत नाही, आणि लग्न, भंडारा, महाडच्या वीरेश्वराचा छबिना अशा प्रसंगी जेवण मोकळे असते. या विकारातील मुलांसाठी मात्र अन्न कुलुपात, वेळ ठरलेली आणि जादा मिळण्याची आशा शून्य हीच खरी शिस्त असल्याने, एका घराने पथ्य पाळून भागत नाही. आळीने, शाळेने व अंगणवाडीनेही ते पाळावे लागते. दुसरी गोष्ट निदानाची आहे. पहिल्या टप्प्यातील बाळ कुपोषित भासते आणि नंतरचे मूल सुदृढ. त्यामुळे अंगणवाडीच्या वजनाच्या नोंदीत ते आधी चिंतेचा व पुढे समाधानाचा विषय ठरण्याचा धोका असतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत मुले तपासतात. त्यांनी हा संपूर्ण आलेख एकत्र वाचला तर संशय वेळीच येऊ शकतो. नीट ठेवलेल्या नोंदींतून काय साधते याचे उदाहरण महाड तालुक्यातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांचा बारकाईने अभ्यास करून प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

निदानासाठी रक्तातील डीएनएची मिथायलेशन चाचणी, म्हणजे वर सांगितलेला ठसा तपासणारी चाचणी, पुरेशी असते. ती ९९ टक्क्यांहून अधिक रुग्ण पकडते. केवळ गुणसूत्राचा गळालेला तुकडा शोधणारी फिश चाचणी मात्र आईकडूनच दोन्ही प्रती आलेल्या रुग्णांना चुकवते. उपचारांत वाढीच्या संप्रेरकाला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. त्याने उंची व स्नायू वाढतात, चरबी घटते. भूक मात्र तशीच राहते, आणि ते सुरू करण्यापूर्वी झोपेतील श्वसन तपासावे लागते. भुकेवरील संशोधनाला बेलोरॅनिब या प्रायोगिक औषधाच्या चाचणीत झालेल्या मृत्यूंमुळे मोठा धक्का बसला. मार्च २०२५ मध्ये डायझॉक्साइड कोलीन हे या अतिभुकेसाठीचे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले.

भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात या विकारातील संप्रेरक उपचाराचा समावेश असून, मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यासाठीच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. महाडहून तेथवरचा प्रवास लांबचा असला, तरी दूध न ओढणाऱ्या शिथिल बाळासाठी तो पहिल्याच वर्षात झाला पाहिजे, कारण अन्नाची शिस्त भूक जागी होण्यापूर्वीच लावता येते.