कागदावरील एव्हरेस्ट

एव्हरेस्ट २९ मे १९५३ रोजी सर झाले, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. ते सर करण्याचा बेत लंडनमध्ये कागदावर कसा आखला गेला, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मोहिमेचे नेते जॉन हंट यांचा त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला ग्रंथ वाचताना प्रस्तुत लेखकाचे मन शिखरापेक्षा या पूर्वतयारीतच अधिक रमले.

अवधी थोडा होता. १९५२ साली स्विस गिर्यारोहकांनी दोनदा प्रयत्न केला. पहिल्या खेपेस रेमंड लँबेर व तेनसिंग नोर्गे सुमारे ८,६०० मीटरपर्यंत पोहोचले होते. १९५४ ची परवानगी फ्रेंचांना मिळालेली. ब्रिटिशांच्या हाती उरला एकच हंगाम. खुंबूच्या बाजूने वाट आहे, हे १९५१ च्या पाहणीत दाखवून देणाऱ्या एरिक शिप्टन यांना या निकडीपायी दूर सारण्यात आले आणि सूत्रे लष्करी अधिकारी असलेल्या हंट यांच्याकडे गेली. तो व्यवहार शोभनीय नव्हता. परंतु मोजक्या माणसांच्या सुटसुटीत मोहिमा हीच शिप्टन यांची आवड होती, आणि येथे गरज होती ती हिशेबी माणसाची.

हा हिशेब शिखराकडून पायथ्याकडे मांडावा लागतो. दोन माणसांनी शेवटच्या छावणीत रात्र काढायची तर तंबू, अन्न, इंधन आणि प्राणवायूची नळकांडी किती लागतील? ते ओझे वर नेणारे किती? त्यांच्या मुक्कामासाठी खालच्या छावणीत आणखी काय हवे? शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी १९५२ साली चो ओयूच्या मोहिमेत अभ्यास करून बजावले होते की, उंचीवर माणसाने भरपूर पाणी प्यायले पाहिजे. आता तेथे पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. म्हणजे अधिक इंधन. म्हणजे अधिक पाठी! एका घोटासाठी केवढा हा खटाटोप.

फेब्रुवारीत मंडळी बोटीने निघाली, २८ तारखेस मुंबईस उतरली आणि आगगाडीने उत्तरेकडे गेली. १० व ११ मार्च रोजी साडेतीनशेहून अधिक हमालांचा तांडा दोन तुकड्यांनी काठमांडू खोऱ्यातून पुढे निघाला.

इतक्या काटेकोर आखणीतही एक गोष्ट निसटलीच. काठमांडूत ब्रिटिश दूतावासाच्या आवारात शेर्पांची निजण्याची सोय मोटारी ठेवण्याच्या जागेत केली होती. तेथे शौचालयही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी समोरच्या रस्त्यावरच लघुशंका करून आपला निषेध नोंदवला. पाठी मोजल्या, पण पाठीमागचा माणूस मोजायचा राहिला, असे म्हणावे लागते. सरदार या नात्याने तेनसिंग यांना दोन्ही बाजू सांभाळाव्या लागल्या. एव्हरेस्टवरील त्यांची ती सातवी मोहीम होती.

बेतात एकाहून अधिक चढायांची तरतूद होती, हेच निर्णायक ठरले. २६ मे रोजी बोर्डिलन व इव्हान्स दक्षिण शिखरापर्यंत जाऊन परतले. त्याच दिवशी खुद्द हंट आणि दा नामग्याल यांनी पुढच्या जोडीसाठी सामान वर नेले. ठरल्या जागेपर्यंत पोहोचवेना, तेव्हा सुमारे ८,३४० मीटरवर ते ठेवून, आपला प्राणवायूही तेथेच सोडून दोघे धडपडत खाली आले. २८ मे रोजी हिलरी, तेनसिंग आणि त्यांच्या तीन साथीदारांनी आधीच्या जड ओझ्यांवर तेही सामान चढवले आणि सुमारे ८,५०० मीटरवर शेवटचा तंबू ठोकला.