पेट्रोलच्या वासाकडे दुर्लक्ष नको

रात्री उभी केलेली मोटार सकाळी सुरू करण्यापूर्वीच पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येतो. वाकून पाहावे तर जमिनीवर थेंबही नसतो आणि गाडी तर नेहमीसारखीच धावते. त्यामुळे बहुतेक वाहनधारक या वासाकडे काणाडोळा करतात. प्रत्यक्षात टाकीतील पेट्रोलची वाफ कोंडून ठेवणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाल्याची ही पहिली, आणि आपल्याकडे पुष्कळदा एकमेव, सूचना असते.

यंत्रणा कशी चालते?

गाडी उभी असतानाही टाकीतील पेट्रोलची वाफ होतच असते. उन्हात टाकी तापली की तिचे प्रमाण वाढते. या वाफेतील हायड्रोकार्बन आणि हवेतील नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यात सूर्यप्रकाशात होणाऱ्या प्रक्रियेतून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. तो श्वसनमार्गाला घातक असतो. पेट्रोलमधील बेंझीन कर्करोगास कारणीभूत ठरणारे आहे. म्हणूनच कॅलिफोर्नियात १९७० पासून आणि संपूर्ण अमेरिकेत १९७१ पासून नव्या मोटारींना वाफ रोखण्याची व्यवस्था सक्तीची झाली. भारतात १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ निकषांनुसार पेट्रोल मोटारीतून एका चाचणीत २ ग्रॅमपेक्षा अधिक वाफ बाहेर पडता कामा नये.

टाकीतील वाफ एका नळीवाटे कॅनिस्टर नावाच्या डब्यात जाते. त्यातील सक्रिय कोळशाचे दाणे ती शोषून घेतात. इंजिन तापल्यावर गाडीतील संगणक ‘पर्ज व्हॉल्व्ह’ नावाची विजेवर चालणारी झडप उघडतो. मग इंजिनाच्या ओढीने ही वाफ आत खेचली जाऊन जळते आणि व्हेंटच्या तोंडातून शिरणारी ताजी हवा कोळसा पुन्हा मोकळा करते.

बिघाडाची लक्षणे

उभ्या गाडीभोवती वास येणे हे प्रमुख लक्षण. पेट्रोल भरल्यानंतर लगेच इंजिन सुरू होण्यास त्रास होत असेल किंवा ते संथ चालताना थरथरत असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकल्याची शक्यता असते. टाकी रिकामी असूनही पंपावरील नोझल वारंवार बंद पडत असेल, तर हवा जाण्याचा मार्ग तुंबलेला असू शकतो. काही वेळा ‘चेक इंजिन’चा दिवा स्थिर पेटतो. तो लुकलुकत असेल, तर मात्र इंजिनात इंधन नीट जळत नसल्याची शक्यता असते आणि गाडी तशीच पळवणे इष्ट नाही.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींमधील संगणक सुमारे १ मिलिमीटर छिद्रातून होणारी गळती ओळखतो. पुढे ही मर्यादा अर्ध्या मिलिमीटरपर्यंत खाली आली. भारतातील अनेक गाड्यांमध्ये मात्र संगणक मुख्यत्वे पर्ज व्हॉल्व्हच्या विद्युतजोडणीवरच लक्ष ठेवतो. पीयूसी चाचणीत तर फक्त सायलेन्सरमधून येणारा धूर तपासला जातो. त्यामुळे नळी फाटलेली गाडीही ही चाचणी सहज उत्तीर्ण होते. दिवा पेटला नाही आणि पीयूसी मिळाले, म्हणजे यंत्रणा ठीक आहे, असे समजणे चूक ठरते.

शोध स्वस्तापासून महागाकडे

दुरुस्तीत सर्वाधिक पैसा वाया जातो तो निदानाआधी सुटे भाग बदलल्याने. म्हणून तपासणी क्रमाने व्हावी. मात्र त्याआधी जमिनीवर पेट्रोल ठिबकलेले दिसल्यास किंवा गाडीच्या आतही तीव्र वास येत असल्यास गाडी सुरू न करता मेकॅनिकला जागेवर बोलवावे.

पहिली पायरी टाकीच्या झाकणाची. त्याच्या रबरी कड्याला भेग किंवा कचरा नाही ना, हे पाहून झाकण ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत फिरवावे. दिवा केवळ सैल झाकणामुळे पेटला असेल, तर काही फेऱ्यांनंतर तो आपोआप विझतो.

त्यानंतर स्कॅनर लावून सांकेतिक क्रमांक वाचावा. पी ०४४२ म्हणजे लहान गळती, पी ०४५५ म्हणजे मोठी गळती, तर पी ०४४३ म्हणजे पर्ज व्हॉल्व्हच्या विद्युतमार्गातील दोष. हा क्रमांक बिघाडाची दिशा दाखवतो, नेमका सुटा भाग नव्हे.

पर्ज व्हॉल्व्हची तपासणी सोपी आहे. थंड इंजिन सुरू करून कॅनिस्टरकडून येणारी नळी व्हॉल्व्हपासून सोडवावी व त्या तोंडावर बोट ठेवावे. ओढ जाणवली, तर व्हॉल्व्हची वायर काढून पाहावे. तरीही ओढ कायम राहिल्यास व्हॉल्व्ह बदलणे भाग आहे. ती थांबल्यास दोष वायरिंगमध्ये किंवा संगणकाच्या आदेशात शोधावा.

पुढे नळ्या पाहाव्यात. उष्णतेने त्या कडक होऊन तडकतात. शहरी पार्किंगमध्ये त्या उंदरांनी कुरतडल्याचेही आढळते. डोळ्यांना काही दिसले नाही, तर धूर-चाचणी करावी. तीत अत्यल्प दाबाने यंत्रणेत धूर सोडतात आणि तो बाहेर येतो तेथे गळती असते. टायरमध्ये हवा भरण्याचा कॉम्प्रेसर यासाठी कदापि वापरू नये. त्या दाबाने टाकी व कॅनिस्टर फुटू शकतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचते. त्यामुळे ही कामे मोकळ्या जागेत, ज्वाला व ठिणगीपासून दूर करावीत.

कॅनिस्टरचा क्रमांक शेवटचा. तो पेट्रोलने भिजला असेल किंवा कोळशाचे दाणे नळीत उतरले असतील, तर तो बदलावाच लागतो. तेव्हा नळ्या व पर्ज व्हॉल्व्हही साफ करावेत. अन्यथा उरलेले दाणे नवा व्हॉल्व्हही अडकवतात. कॅनिस्टर काढून नळीचे तोंड बुजवणे ही दुरुस्ती नव्हे.

‘राउंड फिगर’ची किंमत

कॅनिस्टर निकामी होण्याचे एक मोठे कारण पेट्रोल पंपावरच घडते. ‘ऑटो कट’ झाल्यावरही रक्कम पूर्ण करण्यासाठी किंवा टाकी काठोकाठ भरण्यासाठी थोडे थोडे पेट्रोल ओतले जाते. वाफेसाठी राखलेली टाकीतील जागा त्यामुळे भरते आणि द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरते. एकदा भिजलेला कोळसा सहसा पूर्ववत होत नाही.

दुरुस्तीनंतर स्कॅनरने क्रमांक पुसून काही दिवस गाडी चालवावी आणि तो परत येत नाही याची खात्री करावी. गळती ओळखणाऱ्या गाड्यांत ही चाचणी बहुधा इंजिन थंड असताना आणि टाकी अगदी रिकामी वा पूर्ण भरलेली नसतानाच होते. त्यामुळे दिवा विझला म्हणून त्याच दिवशी निश्चिंत होऊ नये. नोझल पहिल्यांदा थांबल्यावर तेथेच थांबणे आणि झाकण घट्ट लावणे, या दोन सवयींनी मात्र हा खर्च बहुतांशी टळतो.