हायड्राचं डोकं

हायड्रा या गोड्या पाण्यातल्या इवल्या जीवाचे तुकडे केले तर प्रत्येकातून पूर्ण जीव वाढतो, हे अब्राहम त्रांब्ले यांनी १७४४ साली छापलं. वाशीमच्या माझ्या विद्यार्थ्यांना मी मात्र ही गोष्ट १९०९ पासून सांगायला लागतो. त्या वर्षी एथेल ब्राउन या तरुणीने एका हायड्राच्या तोंडाजवळची ऊती दुसऱ्याच्या कुशीत रोवली. तिथे नवं डोकं उगवलं, आणि यजमानाच्याच पेशी ते घडवायला पुढे आल्या. म्हणजे रोवलेल्या ऊतीने त्यांना हुकूम दिला होता! जीवशास्त्रज्ञ श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूट या उभयचराच्या गर्भात असंच दाखवलं ते १९२४ साली. नोबेल १९३५ मध्ये एकट्या श्पेमानना मिळालं. हिल्डे तोवर हयात नव्हती. ब्राउनचं नाव पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसतं, हे मला फार लागतं.

तो हुकूम रेणूंचा असतो. अशा रेणूंपैकी नॉगिन हे प्रथिन बीएमपी या संकेत-प्रथिनांना पेशीबाहेरच अडवतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि सहकाऱ्यांनी हायड्रातलं नॉगिन जनुक शोधलं. २०१० साली ते प्रसिद्ध झालं. त्याचा आरएनए बेडकाच्या गर्भात टोचल्यावर दुसरा शरीर-अक्ष उमटला. पाठीचा कणाच नसलेल्या जीवाचा निरोप बेडकाला कळला. आणि हे जनुक आपल्या पुण्यात सापडलं, हे मी वर्गात दोनदा सांगतो.