बाद फेरीचं टेबल आणि एकवीस नावं

मंडळी, आज थोडा इतिहास सांगतो. पण तो शेवटी तुमच्या-माझ्या सहीपाशी येऊन थांबणार आहे, त्यामुळे अर्धवट सोडू नका.

आपल्या ऑक्सफर्डमधल्या काही जुन्या पबांत कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून एक हिरवं टेबल उभं असतं. पूलचं असेल म्हणून आपण पुढे जातो. ते पूलचं नसतं. त्याला कडेला खिसे नसतात. नऊ भोकं थेट टेबलावरच असतात, 10 गुणांपासून 200 गुणांपर्यंत. भोकांच्या पुढ्यात लाकडी अळंब्यांसारख्या खुंट्या उभ्या असतात. सगळे खेळाडू एकाच टोकाकडून खेळतात. हा खेळ म्हणजे बार बिलियर्ड्स. आणि त्याची पहिली लीग याच शहरात, 1936 साली सुरू झाली. विद्यापीठाच्या कहाण्या आपण पाहुण्यांना हौसेनं सांगतो, पण ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

खेळ मूळचा इंग्लंडचा नाही. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड गिल नावाच्या इंग्रज माणसानं बेल्जियममध्ये 'बिलियार रूस' हा खेळ पाहिला आणि लंडनच्या हॉलोवे रोडवरच्या जेल्क्स कंपनीला तसं टेबल बनवायला राजी केलं. मोठ्या बिलियर्ड्सचं टेबल 12 फूट बाय 6 फूट, शिवाय चारही बाजूंनी क्यू फिरवायला जागा हवी. ती जागा क्लबांकडे होती, लष्करी मेसमध्ये होती. स्नूकरचा जन्म 1875 साली जबलपूरच्या ऑफिसर्स मेसमधला, हे तुम्ही ऐकलं असेल. आपल्या पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, तेही मोठ्या टेबलावर. कामगारांच्या पबात एवढी ऐसपैस खोली कुठून आणणार? एका टोकाकडून खेळायचं टेबल मात्र कोपऱ्यात बसतं. साहेबांचा खेळ असा सामान्य माणसाच्या हाती आला.

आता गंमत बघा. टेबलात नाणं टाकलं की आतलं घड्याळ सुरू होतं. साधारण पंधरा ते वीस मिनिटांनी आत एक दांडी पडते, आणि त्यानंतर भोकात गेलेला चेंडू परत येत नाही. मालकाला गल्ला हवा आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला टेबल हवं, अशा दुहेरी गरजेतून खेळाची वेळ बांधली गेली. म्हणजे पबचा हिशेबच खेळाचा नियम होऊन बसला.

मी तीन हिवाळे एका संघासाठी स्कोअर लिहितोय. क्यू क्वचितच धरतो, पण पाटीजवळ उभं राहिलं की माणसं छान दिसतात. पांढरी खुंटी पडली तर त्या खेपेचे गुण जातात. 200 च्या भोकापुढची काळी खुंटी पडली तर तोवर कमावलेलं सगळं शून्य. लाल चेंडूला दुप्पट गुण. आणि शेवटचा चेंडू सरळ मारून चालत नाही. तो बाजूच्या गादीला आपटून 100 किंवा 200 च्याच भोकात जावा लागतो. म्हणजे हजारोंनी पुढे असलेला पट्टीचा खेळाडूसुद्धा एका थरथरत्या फटक्यात रिकामा होऊ शकतो.

म्हणूनच या खेळाची बाद फेरी वेगळीच रंगते. साखळीत आज हरलात तर पुढचा आठवडा आहे. हंगामाच्या शेवटी दर्जा आपोआप वर येतो. बाद फेरीत हरलात की घरी. हिशेबही साधा: 32 नावं असली तर बरोबर 31 सामने, कारण प्रत्येक सामन्यात एकजण बाद. संघ 13 असले तर तिघांना पहिल्या फेरीत बाय. अनेक लीगमध्ये कमकुवत खेळाडूला सुरुवातीचे गुण उसने देतात. सहसा शेवटच्या फेऱ्या तिसऱ्याच पबमध्ये ठेवतात, कारण प्रत्येक टेबलाचा स्वभाव निराळा. कुठे कापड मंद, कुठे जमिनीचा उतार चेंडूला ओढतो. घरच्या माणसाला तो पाठ असतो.

पण मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे चिठ्ठी. साखळीत वरच्या गटातले वरच्यांशी, खालचे खालच्यांशी खेळतात. बाद फेरीत चिठ्ठी निघते, आणि अव्वल संघाला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या, कधी पाऊल न टाकलेल्या पबमध्ये जावं लागतं. पोस्टमन, नर्स, निवृत्त मास्तर, बसचालक एकाच पाटीकडे बघत उभे. सामन्यानंतर सँडविच, चिप्स आणि "तुमच्याकडे टेबल कसं चाललंय?" अशा गप्पा. वस्त्यांना एकमेकींच्या घरी नेणारी ही व्यवस्था आहे.

1936 सालचं ऑक्सफर्ड आठवा. काऊलीतला मॉरिसचा मोटार कारखाना त्या काळात वेल्ससह देशभरातून कामगार खेचत होता. परक्या माणसांनी शहर भरत होतं. नव्या माणसाला वस्तीत शिरायला एखादं निमित्त लागतं, आणि संघात एक जागा रिकामी असणं याहून चांगलं निमित्त कोणतं? हा माझा तर्क आहे. पण आज त्याच काऊलीत राहणाऱ्या आपल्याला तो परका वाटू नये.

पुढे हा खेळ ससेक्स, केंट, बर्कशायर, नॉरफोक आणि जर्सी-गर्न्सी बेटांपर्यंत पसरला. जर्सीत 1981 पासून त्याची जागतिक स्पर्धा भरते. पण 1970 च्या दशकापासून पूलनं कोपरे बळकावले. 1989 च्या सरकारी आदेशांनी मोठ्या दारू कंपन्यांना हजारो पब सोडायला लावले, आणि त्यातले बरेचसे जागेच्या किमतीकडे बघणाऱ्या मालकांकडे गेले. 2007 ची धूम्रपानबंदी, मग 2020 ची टाळेबंदी. सन 2000 मध्ये देशात साठ हजारांवर पब होते. आता सुमारे पंचेचाळीस हजार उरलेत. पब गेला की टेबल जातं. टेबल गेलं की संघ जातो. आणि संघ गेला की बाद फेरीच्या तक्त्यावर आणखी एक बाय वाढतो. खेळायला कुणी नाही म्हणून पुढे जाणं, याला मी तरी जिंकणं म्हणत नाही.

हे आज लिहायचं कारण असं की आमच्या भागातला असाच एक टेबलवाला पब विकायला निघालाय. नाव मुद्दाम लिहीत नाही. इथले लोक ओळखतील.

आपण काय करू शकतो? 2011 च्या लोकलिझम कायद्यानं वस्तीला एक हत्यार दिलं आहे. किमान 21 स्थानिक मतदारांचा गट एखादी जागा 'समाजोपयोगी मालमत्ता' म्हणून नोंदवायचा अर्ज कौन्सिलकडे करू शकतो. कौन्सिलनं आठ आठवड्यांत निर्णय द्यायचा. नोंद पाच वर्षं टिकते. मालक विकायला निघाला आणि वस्तीनं रस दाखवला, तर पैसे उभे करायला सहा महिने मिळतात. या कायद्याखाली मालकानं आपल्यालाच विकावं अशी सक्ती नाही, हेही सांगून ठेवतो. शिवाय 2017 पासून इंग्लंडमध्ये पब पाडायचा किंवा त्याचा वापर बदलायचा तर नियोजन परवानगी लागते. त्यावर हरकत कोणीही नोंदवू शकतो.

आणि हे नीट वाचा: भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थ नागरिक म्हणून आपण इथे मतदार होऊ शकतो. म्हणजे त्या एकवीस नावांत आपली नावं चालतात. "आपण पीत नाही, आपल्याला पबचं काय?" असं काही काका-काकू म्हणतात. काका, तिथे संत्र्याचा रसही मिळतो. गावातली चावडी वाचवायला कुणी तंबाखू खायची अट घालत नाही.

आत्तापर्यंत तेरा नावं झालीत. आठ हवीत. मतदार यादीत नाव असेल तर खाली फक्त "मी" लिहा, अर्ज घेऊन मी घरी येतो. नाव नसेल तर आधी ते नोंदवा, दहा मिनिटांचं काम आहे.