पट्टी गवयाची की यंत्राची?

आपल्या संगीताच्या इतिहासात जुन्या ध्वनिमुद्रिकांचा दाखला साक्षीपुराव्यासारखा दिला जातो. अमुक बुवा काळी एकमध्ये गात, तमुक बाईंची पट्टी काळी चार होती, त्या काळच्या ताना आजच्यापेक्षा जलद होत्या, अशी विधाने तबकडी ऐकून केली जातात. परंतु तबकडी आपणहून बोलत नाही, तिला यंत्र बोलते करते. त्या यंत्राची उलटतपासणी न करता साक्ष ग्राह्य धरावी का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गायसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. मेणाची जाड चकती फिरे ती खाली उतरणाऱ्या वजनाच्या जोरावर. ही मुद्रणे जर्मनीत हॅनोवरला जात आणि तेथून लाखेच्या तबकड्या बनून परत येत. १९०८ मध्ये सियालदाला कारखाना निघेपर्यंत हाच क्रम होता. त्या काळी मिनिटाला किती फेरे, याचा सर्वमान्य आकडा नव्हता. ७८ च्या खाली आणि वर, दोन्हीकडच्या वेगांनी मुद्रणे होत. ७८ हे प्रमाण जगभर रूढ झाले ते १९२५ च्या सुमारास, विजेवरच्या ध्वनिमुद्रणाबरोबर. त्यातही अमेरिकेत मिनिटाला ३६०० फेरे घेणाऱ्या मोटारीला ४६ पटीचे दंतचक्र लावून ७८.२६ हा वेग मिळाला, तर ५० आवर्तनांची वीज असलेल्या देशांत तो ७७.९२ झाला. म्हणजे 'सेव्हंटी-एट' हे नाव आपण मागाहून सरसकट सगळ्याच लाखेच्या तबकड्यांना लावले.

याचा गाण्यावर काय परिणाम होतो, ते साध्या हिशेबाने कळते. पेटीवरच्या एका पट्टीहून शेजारच्या पट्टीत जायला वेगात सुमारे ६ टक्के फरक पुरतो. समजा, तबकडी ७३.६ फेऱ्यांनी मुद्रित झाली आणि आपण ती ७८ ने वाजवली, तर काळी एकचा षड्ज पांढरी दोनवर जातो. ३ मिनिटांची चीज २ मिनिटे ५० सेकंदांत संपते. तान अधिक दाणेदार आणि चपळ वाटते, गळा बारीक होतो. बालगंधर्वांसारख्या, स्त्रीभूमिका करणाऱ्या गायकनटाच्या बाबतीत हे विशेष नाजूक आहे. त्यांच्या आवाजातील मार्दवाविषयी लिहिण्यापूर्वी त्या मार्दवात मोटारीचा वाटा किती, हे पाहायलाच हवे. अब्दुल करीम खाँ यांच्या १९०५ च्या आसपासच्या आणि १९३० च्या दशकातल्या तबकड्या शेजारी ठेवून 'वयानुसार आवाज कसा बदलला' असा निष्कर्ष काढणाऱ्यालाही हीच अडचण येते.

मग खरा वेग शोधायचा कसा? साथीची पेटी हा चांगला साक्षीदार आहे, कारण तिचे सूर ठरलेले असतात. षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध लोंबकळत असेल, तर वेगाविषयी शंका घ्यावी. मात्र हा साक्षीदारही पूर्ण विश्वासाचा नाही. १९३९ मध्ये ४४० हा स्वरमानक ठरण्यापूर्वी युरोपात ४३५ पासून ४५२ पर्यंतची मानके चालत, आणि या दोन टोकांतच एका पट्टीच्या अंतराचा दोन तृतीयांश भाग मावतो. म्हणून एका तबकडीवरून निकाल न देता, एकाच बैठकीत मुद्रित झालेल्या लागोपाठच्या अनुक्रमांकांच्या तबकड्या एकत्र तपासाव्यात. त्या सगळ्यांत पेटी सारखीच चढी किंवा उतरी निघाली, तर एकतर पेटीचा सूर तसा आहे किंवा त्या बैठकीचा वेग तसा आहे, एवढे म्हणता येते.

श्रुतींचा अभ्यास करणाऱ्यांना येथे थोडा दिलासा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या श्रुतिसंशोधनाला अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य होते. वेग चुकला, पण शेवटपर्यंत तेवढाच चुकला, तर सगळे सूर एकाच प्रमाणात सरकतात. षड्ज-पंचमाचे नाते बिघडत नाही. ते बिघडल्यासारखे वाटते ते तबकडीचे भोक मध्यावर नसेल तेव्हा. भोक अवघे १ मिलिमीटर सरकलेले असले, तरी आतल्या खोबणींत, केंद्रापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर, सूर २ टक्के वर आणि २ टक्के खाली झुलतो, म्हणजे दोन्हीकडे पट्टीच्या अंतराचा एक तृतीयांश. हा झोका १० सेकंदांत १३ वेळा येतो. लांबवलेल्या गंधारावर तो आला, तर जाणकारही त्याला आंदोलन म्हणेल! ओळखण्याची खूण सोपी आहे: गळ्याचे आंदोलन असेल तर पेटी स्थिर राहते, भोकाचे असेल तर पेटीही झुलते.

घरी तबकडी ऐकणाऱ्यानेही तीन गोष्टी पाहाव्यात. ७७ रेघांची गोल चकती टर्नटेबलवर ठेवून आपल्याकडच्या विजेवरच्या निऑन दिव्याच्या उजेडात पाहिली, की ७७.९२ फेऱ्यांना रेघा स्थिर दिसतात. यातून यंत्राचा वेग कळतो, मुद्रणाचा नव्हे. दुसरे, वाजताना हात डावी-उजवीकडे डोलत असेल, तर केंद्र सरकलेले आहे. तिसरे, सुई. लाखेच्या तबकडीला टोकाशी इंचाच्या सुमारे तीन सहस्रांश त्रिज्येची सुई लागते. १९४८ मध्ये आलेल्या एलपीसाठी ती एक सहस्रांशाची असते. एलपीची बारीक सुई लाखेच्या रुंद खोबणीच्या तळाशी जाते, आणि तिथे गाण्यापेक्षा कचराच अधिक असतो.

आज या तबकड्यांच्या संगणकीय प्रती झपाट्याने होत आहेत, याचा आनंदच आहे. पण ७८ वर डोळे मिटून केलेली प्रत हाती आली आणि मूळ तबकडी फुटली, तर ती चूकच उद्याचा इतिहास ठरेल. म्हणून प्रत्येक प्रतीसोबत ती कोणत्या वेगाने वाजवली, कोणती सुई वापरली आणि केंद्र जुळवले होते का, या तीन नोंदी असाव्यात. त्या लिहायला मिनिटभरही लागत नाही, आणि पुढच्या अभ्यासकाला गवयाची पट्टी यंत्राच्या पट्टीपासून वेगळी काढण्याची वाट तेवढ्याने मोकळी राहते.