तिकिटातला तो मैलभर रस्ता

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला रेल्वेनं निघालेल्या माणसाला शिकागोला बहुधा उतरावंच लागे. पूर्वेकडच्या कंपन्यांच्या गाड्या तिथे संपत, पश्चिमेकडच्या तिथून सुटत. आणि शहरात मोठी स्टेशनं सहा! न्यूयॉर्क सेंट्रलची गाडी लासाल स्ट्रीटवर थांबे, सांता फेची डिअरबॉर्नहून निघे. दादरला आपण पूल चढून मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जातो. इथे पूल कुठला, मध्ये शहराचे रस्ते.

हे अंतर फ्रँक पार्मलीनं धंद्यात बदललं. १८५३ साली त्यानं घोड्यांच्या ऑम्निबस सुरू केल्या. पुढे मोटारी आल्या. लांबच्या तिकिटालाच त्याच्या गाडीचं कूपन जोडलेलं असे. ते द्यायचं, बसायचं. पैसे रेल्वे चुकती करी.

१९४६ मध्ये रेल्वेवाल्या रॉबर्ट यंगनं जाहिरातच दिली, की डुक्कर गाडी न बदलता देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातं, माणसाला ते जमत नाही. पण त्यानं चिमटा काढला म्हणून कुणी स्टेशनं एकत्र केली नाहीत.

आता प्रश्न असा, की हा मैलभर रस्ता कुणाचा? १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, घरून टॅक्सीनं स्टेशनवर जाणं हा शहरातला प्रवास; पण दोन स्टेशनांमधली पार्मलीची फेरी हा आंतरराज्य प्रवासाचाच तुकडा. रस्ता तोच, गाडीही तशीच, कायदा मात्र वेगळा! मला हा भेद पटतो, कारण त्या प्रवाशाला शिकागोशी काही देणंघेणंच नव्हतं.

१९५५ मध्ये रेल्वे कंपन्यांनी शंभर वर्षांच्या पार्मलीला सोडून नव्या कंपनीला काम दिलं. लगेच शहरानं नियम बदलला: नव्या वाहतूकदाराची गरज आहे, हे आधी आमच्याकडून मान्य करून घ्या. रेल्वेवाले कोर्टात गेले. १९५८ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅक यांनी बहुमताचा निकाल लिहिला. प्रवाशांना कुणी न्यायचं, हे रेल्वे ठरवील. शहराला त्यात नकाराधिकार नाही.

रेल्वे जिंकली खरी, पण तोवर प्रवासी विमानांकडे वळू लागले होते. १९७१ मध्ये अ‍ॅमट्रॅक आली, आणि वर्षभरात लांब पल्ल्याच्या तिच्या सगळ्या गाड्या एकट्या युनियन स्टेशनवर आल्या. कूपनाची गरजच उरली नाही.