श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार

श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार हा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी दिलेला निकाल आहे. या निकालाने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६अ पूर्णतः घटनाबाह्य ठरवून रद्द केले. न्या. जे. चेलमेश्वर व न्या. रोहिंटन नरीमन यांच्या खंडपीठापुढे सुनावणी झाली आणि निकालपत्र न्या. नरीमन यांनी लिहिले. आंतरजालावरील अभिव्यक्ती स्वातंत्र्याविषयीचा हा भारतातील सर्वांत महत्त्वाच्या निकालांपैकी एक मानला जातो. मात्र रद्द झालेल्या या कलमाखाली पोलीस त्यानंतरही अनेक वर्षे गुन्हे नोंदवीत राहिले.

कलम ६६अ

मूळ अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला. त्यात हे कलम नव्हते. डिसेंबर २००८ मध्ये संसदेने संमत केलेल्या दुरुस्तीने ते समाविष्ट झाले व २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. संगणक किंवा संपर्कसाधनाद्वारे घोर आक्षेपार्ह वा धमकीवजा मजकूर पाठवणे, तसेच खोटी असल्याचे ठाऊक असलेली माहिती त्रास, गैरसोय, अपमान किंवा द्वेष निर्माण करण्यासाठी वारंवार पाठवणे हा या कलमान्वये गुन्हा होता. त्रास देण्यासाठी वा दिशाभूल करण्यासाठी ईमेल पाठवणे हाही त्यात अंतर्भूत होता. तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा होती.

‘आक्षेपार्ह’, ‘त्रास’, ‘गैरसोय’ यांपैकी एकाही शब्दाची व्याख्या अधिनियमात नव्हती. गुन्हा जामीनपात्र असला, तरी दखलपात्र होता. म्हणजे पोलिसांना अधिपत्राविना अटक करता येत असे. त्यामुळे एखादा मजकूर आक्षेपार्ह आहे की नाही, याचा पहिला निर्णय व्यवहारात स्थानिक पोलीस ठाण्यातच होत असे.

पार्श्वभूमी

२०१२ मध्ये या कलमाखालील अनेक अटका गाजल्या. एप्रिलमध्ये कोलकात्यातील जादवपूर विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाला मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्यावरील व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत अटक झाली. त्यांच्यावर राजद्रोहाच्या आरोपासह कलम ६६अ लावण्यात आले होते. ऑक्टोबरमध्ये पुदुच्चेरीतील एका व्यावसायिकाला केंद्रीय मंत्र्याच्या मुलाविषयी केलेल्या ट्वीटवरून अटक करण्यात आली.

शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेच्या वेळी मुंबई व परिसरातील व्यवहार बंद होते. या बंदविषयी प्रश्न उपस्थित करणारी नोंद पालघर (तत्कालीन ठाणे जिल्हा) येथील एका तरुणीने फेसबुकवर लिहिली आणि तिच्या मैत्रिणीने त्या नोंदीला ‘लाइक’ केले. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. त्याच दिवशी त्यांना जामीन मिळाला. परंतु तत्पूर्वी जमावाने एकीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली होती. भारतीय प्रेस परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी या अटकेविरुद्ध मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना पत्र लिहिले. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, संबंधित दंडाधिकाऱ्यांची बदली झाली व पोलिसांनी प्रकरण बंद केले. केवळ संमती दर्शवणारी कळ दाबल्याबद्दलही अटक होऊ शकते, हे या घटनेने दाखवून दिल्याने तिची देशभर चर्चा झाली.

याचिका व अंतरिम आदेश

पालघरच्या घटनेनंतर त्याच महिन्यात दिल्लीच्या श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. पुढे कॉमन कॉज, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) आदी संस्थांच्या याचिकाही तिच्यासोबत ऐकल्या गेल्या.

जानेवारी २०१३ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या. महानगरांत पोलीस महानिरीक्षक आणि जिल्ह्यांत पोलीस उपायुक्त वा अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीविना या कलमाखाली अटक करू नये, असे त्यांत म्हटले होते. मे २०१३ मध्ये न्यायालयाने या सूचनांचे पालन करण्याचे निर्देश राज्यांना दिले.

निकाल

न्यायालयाने भाषणाचे चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असे तीन टप्पे मानले. एखाद्या मताची चर्चा किंवा पुरस्कार, तो कितीही अप्रिय असला तरी, संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(अ) ने संरक्षित आहे. भाषण चिथावणीच्या पातळीवर पोहोचले, तरच अनुच्छेद १९(२) खालील निर्बंध लागू होतात, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्रास वा गैरसोय ही कारणे अनुच्छेद १९(२) मध्ये नाहीत आणि कलम ६६अ चा सार्वजनिक सुव्यवस्थेशी निकटचा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला.

कलमातील शब्द संदिग्ध असल्याने कोणते लेखन गुन्हा ठरेल, हे नागरिकाला कळू शकत नाही आणि अंमलबजावणी करणाऱ्यालाही निश्चित निकष मिळत नाही, हा निकालाचा दुसरा आधार होता. अशा कायद्याच्या धास्तीने लोक कायदेशीर मतप्रदर्शनही टाळू लागतात, याची न्यायालयाने नोंद घेतली. कलमाचा गैरवापर होऊ देणार नाही, ही शासनाची हमी ग्राह्य धरली गेली नाही. शासने बदलतात, कायदा मात्र टिकून राहतो, असे त्यामागचे कारण होते.

याचिकाकर्त्यांचे सर्वच मुद्दे मान्य झाले नाहीत. आंतरजालावरील मजकूर क्षणार्धात दूरवर पसरत असल्याने त्याच्यासाठी स्वतंत्र गुन्हे निर्माण करता येतात, असे न्यायालयाने म्हटले. संकेतस्थळे वा मजकूर अवरुद्ध करण्याचा अधिकार देणारे कलम ६९अ व त्याखालील २००९ चे नियम वैध ठरवण्यात आले. कलम ७९ चा अर्थ मर्यादित करण्यात आला: फेसबुकसारख्या मध्यस्थांनी खासगी तक्रारीवरून नव्हे, तर न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना मिळाल्यावर मजकूर हटवणे अपेक्षित आहे. केरळ पोलीस अधिनियम, २०११ मधील कलम ११८(ड) देखील रद्द करण्यात आले.

निकालानंतरचा वापर

निकालानंतरही विविध राज्यांत कलम ६६अ खाली गुन्हे नोंदवले जात असल्याचे आढळून आले. पीयूसीएलच्या अर्जावरून १५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने निकालाच्या प्रती सर्व उच्च न्यायालये व राज्यांच्या मुख्य सचिवांमार्फत खालपर्यंत पोहोचवण्याचे निर्देश दिले. तरीही परिस्थिती फारशी बदलली नाही. मार्च २०२१ पर्यंतच्या स्थितीनुसार ११ राज्यांतील जिल्हा न्यायालयांत या कलमाखालील ७४५ प्रकरणे प्रलंबित असल्याची माहिती पीयूसीएलने न्यायालयापुढे ठेवली. निकालानंतर सर्वाधिक प्रकरणे नोंदवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. ५ जुलै २०२१ रोजी न्या. नरीमन यांच्याच खंडपीठाने याबद्दल तीव्र आश्चर्य व्यक्त केले. त्याच महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाने हे कलम न वापरण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले.

कायद्याच्या छापील पुस्तकांत कलम ६६अ चा पूर्ण मजकूर कायम असून ते रद्द झाल्याचा उल्लेख केवळ तळटीपेत असतो, ही बाब महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी सुनावणीत निदर्शनास आणली होती. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने या कलमाखाली कोणावरही खटला चालवता येणार नाही, असा आदेश दिला. प्रलंबित प्रकरणांतून त्याचा उल्लेख वगळावा आणि यापुढे अधिनियम प्रकाशित करताना हे कलम घटनाबाह्य ठरल्याचे वाचकांना पुरेशा स्पष्टपणे कळवावे, असेही निर्देश देण्यात आले. २०१२ मध्ये अटक झालेले जादवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक जानेवारी २०२३ मध्ये आरोपमुक्त झाले.

टीका आणि प्रभाव

समाजमाध्यमांवरील अफवांमुळे घडलेल्या हिंसाचाराच्या संदर्भात कठोर कायद्याची मागणी होत राहिली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची जमावाने हत्या केली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. निकालाचे समर्थक मात्र चिथावणी, धमकी, बदनामी व धार्मिक तेढ यांविरुद्ध दंडविधानात तरतुदी आधीपासून असल्याकडे लक्ष वेधतात.

केरळ शासनाने नोव्हेंबर २०२० मध्ये काढलेला पोलीस अधिनियमातील कलम ११८अ चा अध्यादेश कलम ६६अ शी असलेल्या साम्यामुळे टीकेस पात्र ठरला व काही दिवसांतच मागे घेण्यात आला. केंद्र शासनाविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा आहे की नाही हे ठरवणारा तथ्य तपासणी कक्ष स्थापन करण्याची तरतूद करणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. कुणाल कामरा आदींच्या याचिकांवरील या प्रकरणातही ‘खोटे’, ‘दिशाभूल करणारे’ या शब्दांची संदिग्धता हा एक प्रमुख मुद्दा होता.

हेही पाहा

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००
भारतीय संविधानाचा अनुच्छेद १९
अनुराधा भसीन विरुद्ध भारत सरकार